तारवीचा बाप

सरोजिनी वर्तकांनी तीनशे बारा पानांचा गठ्ठा टेबलावर ठेवला, त्यावर आपला चष्मा ठेवला आणि म्हणाल्या, "तुझी नायिका सात बेटं ओलांडते, दोन राक्षस लोळवते, पण एकदाही तिच्या पोटात कालवत नाही. असं कसं गं चालेल?"

श्रेया गावडे समोरच्या खुर्चीत अंग चोरून बसली होती. गिरगावातल्या या दोन खोल्यांतून सरोजिनीबाई चाळीस वर्षं मुलांची पुस्तकं काढत आल्या होत्या. बाहेरच्या खोलीत प्रकाशन, आतल्या खोलीत संसार, आणि पसारा दोन्हीकडे सारखाच. वय चौऱ्याहत्तर, पण जीभ अजून शाळेतल्या कडक बाईंची.

"रडते ना ती," श्रेया म्हणाली. "एकशे चाळीसाव्या पानावर."

बाईंनी पान शोधलं, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं. "'तारवीच्या डोळ्यांतून पाणी आले. तिने ते कोरड्या कापडाने पुसून घेतले.' ही रडतेय की मिक्सरचं भांडं पुसतेय?"

घाव वर्मी बसला. कारण पोटापाण्यासाठी श्रेया नेमकं तेच लिहायची. लोअर परळच्या एका ऑफिसात बसून मिक्सर, गीझर आणि वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिका मराठीत करायच्या. दहा वर्षं 'प्लग काढल्याची खात्री करावी' असं लिहिल्यावर माणसाचा हात तसाच वळतो, त्याला ती तरी काय करणार? पण ही कादंबरी तिने सहा वर्षं पहाटे उठून, ऑफिसच्या आधी, जिवापाड मेहनतीने लिहिली होती. तारवी नावाची मुलगी. तिच्या बेटाभोवतालची भरती कुणीतरी चोरून नेलेली. होड्या चिखलात रुतलेल्या. मग देवीला कौल लावतात, कौल उजवा पडतो, म्हणजे देवीचा होकार मिळतो, आणि लगेच पुढच्या परिच्छेदात तारवी होडीत बसून भरती परत आणायला निघते.

"घोडं अडलंय ते तिथंच," बाई म्हणाल्या. "तरणी पोर घर सोडून निघालीय, परत येईल की नाही ठाऊक नाही, आणि घरातलं कुणी 'जाऊ नको' म्हणत नाही? बाप कुठाय तिचा?"

"आहे की. किनाऱ्यावर उभा राहून हात हलवतो."

"तो बाप नाही, खांब आहे."

याआधी चार प्रकाशकांनी 'मराठीत राजकन्या-राक्षस मोठी मुलं वाचत नाहीत' असं सांगून गठ्ठा परत केला होता. सरोजिनीबाईंनी निदान शेवटपर्यंत वाचलं होतं.

"हे बघ," बाईंचा आवाज जरा उतरला. "दिवाळीची ही माझी शेवटची यादी. मग दुकान बंद करून मी लेकीकडे नाशिकला चाललेय. यादीत एकच जागा उरलीय. तुझ्या गोष्टीत जीव आहे, तुझ्या माणसांत नाही. पुढच्या शनिवारी फक्त पहिलं प्रकरण नव्यानं लिहून आण. तो निघण्याचा प्रसंग. तो जमला तर बाकीचं तुला जमेल. नाही जमला, तर त्या जागी पक्ष्यांवरचं एक पुस्तक तयार आहे."

म्हणजे सात दिवस आणि एक बाप. श्रेयाने गठ्ठा पिशवीत घातला आणि ती निघाली.

लालबागच्या त्यांच्या चाळीच्या जागी आता तेवीस मजली इमारत होती आणि गावडे बाप-लेक सतराव्या मजल्यावर राहत होते. जयवंत गावडे, वय त्र्याहत्तर. आधी गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले, गिरणी गेल्यावर एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून बसले, आता घरी. सतराव्या मजल्यावरही दिवसभर दार उघडं टाकायची त्यांची सवय काही सुटली नव्हती. शेजारचे म्हणायचे, "काका, चोर येईल." बाबा म्हणायचे, "येऊ दे, चहा पिऊन जाईल."

रविवारी सकाळी ते पुढच्या खोलीत इस्त्री करत होते. घरातली इस्त्री त्यांच्याकडेच होती. दुसऱ्या कुणी केलेली त्यांच्या पसंतीला उतरत नसे. श्रेयाचा नवा कुर्ता उलटसुलट बघत ते म्हणाले, "काय कापड आहे गो हे! चाळण बरी."

श्रेया वहीसमोर तासभर बसून होती. वहीत एकच वाक्य होतं : 'बाबांना दुःख झाले.' तिने ते खोडलं आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या दशावतारात संवाद कोण लिहायचं?"

"कोण लिहिणार? कोणी नाय." बाबांनी इस्त्री उभी केली. गिरणीच्या दिवसांत गावच्या मंडळींनी परळला दशावताराचं मंडळ काढलं होतं आणि त्यात बाबा वीस वर्षं राक्षस होते. "आख्यान ठरायचं, कोण काय होणार ते ठरायचं. मग रंगमंचावर गेल्यावर तोंडाला येईल ते बोलायचं. समोरच्याने टोला मारला की आपण परतवायचा. लिहून काय होतंय? माणूस कधी लिहून भांडतो काय?"

"मग माझ्याबरोबर कराल? आत्ता? मी तारवी."

बाबांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं, लुंगी सारखी केली आणि घसा खाकरून असा काही गडगडाट केला, की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं.

"राक्षस नाही, बाबा," श्रेया हसत म्हणाली. "बाप. तारवीचा बाप."

"बाप?" ते थबकले. "बाप मी कधी केला नाय. बाप, राजा, ऋषी सगळे गणपत मेस्त्री करायचा. माझा आवाज बापाचा नाय."

"करून तर बघा."

ते स्टुलावर बसले. श्रेयाने ऑफिसची बॅग खांद्याला अडकवली, दाराशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मी निघाले. भरती आणायला."

"जा कन्ये," बाबा नाटकी आवाजात म्हणाले, "तुझा मार्ग निष्कंटक होवो!"

"असं नाही हो. खरं बोला ना. मी सात बेटांपलीकडे चाललेय. देवीने उजवा कौल दिलाय."

बाबा लुंगीचं टोक चिमटीत धरून बघत राहिले. श्रेयाला वाटलं, शब्द आठवतायत. तिने पुन्हा टोला दिला. "ऐकलंत ना? कौल उजवा आहे. देवीच जा म्हणतेय."

"तुला कोणी सांगितलं उजवा म्हणून?" आता आवाज नाटकी नव्हता.

"तुम्हीच."

"मी तर डावा सांगितला होता."

श्रेयाच्या अंगावर आनंदाने काटा आला. काय सुचलं या माणसाला! बापच कौल खोटा सांगतो! सहा वर्षांत तिला जे सुचलं नव्हतं, ते त्यांना बसल्या बसल्या सुचलं. तिने घाईघाईने तारवीचा राग आणला. "म्हणजे तुम्ही मला खोटं सांगितलंत? देवीच्या नावाने?"

"होय."

"का?"

बाबा जमिनीकडे बघत बोलायला लागले. "गुरवाने देवीला फुलाच्या पाकळ्या लावल्या. उजवो पडलो. मी म्हटलं, परत लाव. परत उजवोच. गुरव म्हणता, जयवंता, देवीक किती खेपा विचारशील? मी म्हटलं, अजून एकदा. तिसऱ्या खेपेकय उजवो. मग नारळ ठेवलंय आणि गाडीत बसलंय. वाटेत ठरवलं होतं, पोरीला खरं सांगायचं. पनवेल येईस्तोवर ठरलेलं होतं. पनवेलला गाडी थांबली, मी चहा घेतला, आणि..."

तारवीच्या बेटावर पनवेल नव्हतं.

श्रेयाच्या खांद्यावरची बॅग खाली घसरली. अकरा वर्षांपूर्वी तिला हैदराबादच्या एका संस्थेत गोष्टी लिहिण्याच्या दोन वर्षांच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीसकट. आई जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. बाबा म्हणाले, गावी जाऊन देवीला विचारून येतो. परत आले ते मान खाली घालून, "डावा पडला गो," एवढंच म्हणाले. शिकलेली, एकवीस वर्षांची, कौल-बिल न मानणारी श्रेया त्यावर एक अक्षर बोलली नाही. देवाशी कोण भांडणार? तिने संस्थेला नकार कळवला आणि सहा महिन्यांनी मिक्सरच्या ऑफिसात चिकटली. आणि त्या सालापासून बाबा एकदाही जत्रेला गेले नव्हते. दर वर्षी गुडघे दुखायचे.

"माझा कौल?" ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. "मी तुका खोटा सांगलंय."

ती चपला घालून खाली उतरली. चिंचपोकळीच्या पुलावर जाऊन कठड्याला टेकून उभी राहिली आणि भर उन्हात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर रडली. राग इतका होता की तो कुणावर काढावा हे तिला कळत नव्हतं. हैदराबादचं एक वेळ सोडून देता आलं असतं. पण भांडायची संधीच कुणी तिला दिली नव्हती, हे तिला सोसवेना. बाबा 'जाऊ नको' म्हणाले असते तर ती आकांडतांडव करून गेली असती, किंवा रडून भेकून राहिली असती, पण ते तिने ठरवलं असतं. आता तिला दिसलं, की कादंबरीत तारवीला कुणीच का अडवत नव्हतं. अडवणारी फक्त देवी असते असं श्रेया धरून चालली होती, आणि तिने कागदावर देवीला होकार द्यायला लावून सगळा प्रश्न निकालात काढला होता.

सोमवार, मंगळवार, बुधवार ती बाबांशी बोलली नाही. बाबा पहाटे तिच्या वहीशेजारी चहा ठेवायचे आणि आवाज न करता मागे व्हायचे. ती तो चहा प्यायची, कारण राग असला तरी चहाला कुणी नाही म्हणत नाही.

आणि लिहायची. पहिल्या दिवशी तिने तारवीच्या बापाला पुरता दुष्ट केला. कपटी, स्वार्थी, ओठांत एक पोटात एक. लिहिताना फार बरं वाटलं. मंगळवारी वाचलं तर तो तिच्याच पुस्तकातला तिसरा राक्षस झाला होता, फक्त शिंगं काढलेला. बुधवारी तिने त्याला बिचारा केला, आजारी, खोकणारा, आणि त्याचा तिलाच कंटाळा आला. दोन्ही बाप खोटे होते. खरा बाप तीन वेळा कौल लावतो आणि पनवेलपर्यंत खरं सांगायचं ठरवून येतो. पनवेलला त्याच्या मनात काय झालं, ते तिला माहीत नव्हतं. आणि ते माहीत असलेला माणूस भिंतीपलीकडे चादरींना इस्त्री करत होता.

शनिवार दोन दिवसांवर आला होता. गुरुवारी सकाळी ती पुढच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"मी बोलत नाहीये तुमच्याशी," ती म्हणाली. "पुस्तकासाठी विचारतेय. पनवेलला काय झालं?"

बाबांनी चादर बाजूला ठेवली. तिच्याकडे न बघता म्हणाले, "चहाचे पैसे द्यायला खिशात हात घातला, तर चावी हाताला लागली."

"कसली चावी?"

"घराची. तू त्या दिवशी कॉलेजात होतीस ना, म्हणून कुलूप लावून गावी गेलो होतो." त्यांनी चादरीची घडी सारखी केली. "आपल्या चाळीत मी जन्मलो. आई होती, मग तुझी आई होती, मग तू होतीस. दुसऱ्या पाळीवरून आलो, तिसऱ्या पाळीवरून आलो, घरात कोणीतरी असायचंच. कुलूप उघडून मी कधी घरात शिरलो नव्हतो, श्रेया. बासष्ट वर्षांत नाही. ती चावी हाताला लागली आणि माझी पाचावर धारण बसली. वाटलं, ही गेली की रोज ही चावी. रोज मीच कुलूप काढणार आणि आत कोणी नाय."

श्रेया दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"तुझं वाईट व्हावं असं मनात नव्हतं," बाबा म्हणाले. "पण तुझं चांगलं व्हावं, हेपण त्या वेळी मनात नव्हतं. खरं सांगायचं तर त्या वेळी तू मनातच नव्हतीस. नुसती चावी होती. हे लिही हवं तर."

तिने ते लिहिलं. त्या सकाळी ऑफिसला सुट्टी टाकली आणि दुपारपर्यंत एका बैठकीत लिहिलं. तारवीच्या बेटावर कुलपं नव्हती, म्हणून तिने बापाला एक विस्तव दिला. त्या बेटावरच्या कुठल्याच पुरुषाने आजवर स्वतः चूल पेटवलेली नव्हती. देवळातून परत येताना पाऊलवाटेच्या वळणावर तारवीचा बाप घराच्या छपरातून निघणारा धूर बघतो, आणि उद्यापासून तो दिसणार नाही हे त्याच्या ध्यानात येतं. तिथून घरापर्यंतच्या चाळीस पावलांत तो खरा कौल गिळून टाकतो. पण तारवीला ते त्याच्या तोंडावरून कळतं, आणि ती निघण्याआधी अशी काही भांडते, की शेजारची माणसं अंगणात गोळा होतात. लिहिताना श्रेया दोन वेळा उठून पाणी प्यायली. कोरड्या कापडाची गरज पडली, पण ते तिने कागदावर येऊ दिलं नाही.

शनिवारी सरोजिनीबाईंनी पानं हातात घेतली नाहीत. "तूच वाच," म्हणाल्या आणि डोळे मिटून बसल्या. श्रेयाने वाचलं. भांडणाशी आल्यावर तिचा आवाज चढला, आणि आतल्या खोलीतून बाईंची मोलकरीण गंगुबाई ओल्या हाताने दारात येऊन उभी राहिली. वाचन संपलं तरी ती हलेना.

"मेला कुठला," गंगुबाई शेवटी म्हणाली. "पण बिचारा जेवणार काय आता?"

सरोजिनीबाईंनी डोळे उघडले. "झालं. तुझा पहिला वाचक. छापतेय मी हे." श्रेया आभार मानायला उठली, पण बाईंनी मानू दिले नाहीत. "थांब, हुरळून जाऊ नकोस. आता शेवट मोडलाय तुझा. शेवटच्या पानावर तारवी भरती घेऊन येते, गाव नाचतं, संपलं. आधी बाप खांब होता, चालून गेलं. आता हा असा बाप घरात बसलाय. ती त्याच्याकडे जाते की किनाऱ्यावरूनच पाठ फिरवते? मला सोमवारी सांग."

ती घरी आली तेव्हा दार उघडंच होतं. बाबा स्टुलावर बसून होते, हाताला काही काम नव्हतं. त्यांनी विचारलं नाही. श्रेयानेच सांगितलं, "छापतायत."

बाबांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, मग कुणाला नमस्कार केला हे लक्षात येऊन ओशाळल्यासारखे झाले. "वाचलंस तू? तो... बाप पण वाचलास?"

"सगळा वाचला."

"काय म्हणाल्या त्या?"

"त्यांची गंगुबाई म्हणाली, मेला कुठला."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "मग पुढे काय होतं त्याचं? पोरगी येते काय घरी?"

श्रेयाने बॅग खाली ठेवली. बसमध्ये अख्ख्या वाटेने तिने हाच विचार केला होता आणि उत्तर सापडलं नव्हतं. आता ते आपोआप तोंडात आलं. "येते. पण भांडायला येते. निघताना भांडली ते काहीच नाही, असं भांडते."

"भांडू दे," बाबा घाईने म्हणाले. "बोलू दे तिला काय बोलायचं ते."

"तुम्ही मला विचारायला हवं होतंत!" श्रेयाचा आवाज इतका मोठा निघाला, की ती स्वतःच दचकली. पण थांबली नाही. "देवीला तीन तीनदा विचारलंत, मला एकदा नाही विचारलंत! मी अकरा वर्षं देवीवर रागावले, बाबा! तिचा काय दोष होता? मी समोर बसले होते, तुमच्या हातचा चहा पीत बसले होते, आणि तुम्ही गुडघे दाबत बसलात!"

समोरचं दार किलकिलं झालं आणि शहाणपणाने पुन्हा लागलं. बाबा वीस वर्षं रंगमंचावर टोले परतवलेले गृहस्थ होते, पण आज त्यांनी एकही परतवला नाही. तिचा श्वास संपला तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "विचारलं असतं, तर थांबली असतीस?"

"नाही."

"गेली असतीस."

"हो. गेले असते."

बाबांनी मान डोलावली. शिक्षा ऐकून घ्यावी तशी त्यांनी ती ऐकून घेतली. हेच होणार हे त्यांना पनवेललाच माहीत होतं. त्यांची ती मान बघून श्रेयाचा राग कुठेतरी पाय अडकून पडला.

"आणि परत आले असते, बाबा," ती म्हणाली. "दोन वर्षांचा कोर्स होता. गणपतीला आले असते, दिवाळीला आले असते, आणि मग कायमची आले असते. माझं घर होतं ना हे?"

बाबांनी वर बघितलं. अकरा वर्षं त्यांनी ती चावी मनातल्या मनात हजार वेळा कुलपात फिरवली होती, आणि प्रत्येक वेळी आत अंधार होता.

"परत येशील," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, "ह्या माका सुचलाच नाय गो."

श्रेया त्यांच्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसली. तिला अजून पुष्कळ भांडायचं होतं.